खोली नको, हॉटेल दाखवा

नागापूरची एमआयडीसी मागे टाकून नगर-मनमाड रस्त्याने विळद घाटाकडे निघालं की दोन्ही बाजूंना पाट्या सुरू होतात. हॉटेल अमुक, हॉटेल तमुक, शुद्ध शाकाहारी, फॅमिली रूमची सोय. यातल्या बहुतेक ठिकाणी झोपायला साधी खाटही मिळणार नाही. ‘फॅमिली रूम’ म्हणजे पडदा ओढून बाजूला काढलेली चार टेबलं. तरी एकाही गिऱ्हाइकाला आजवर फसवल्यासारखं वाटलेलं नाही. मराठीत हॉटेल म्हणजे बसायचं, खायचं आणि उठायचं ठिकाण. झोपायचं ठिकाण ते लॉज, आणि तो शब्द घरात जरा हळूच उच्चारला जातो. ‘आज हॉटेलात जाऊ’ असं कुणी म्हटलं तर घरची माणसं दात घासायचा ब्रश शोधत नाहीत.

इंग्रजीत हा अर्थ नेमका उलटा आहे. तिथे हॉटेल म्हणजे आधी खोली, मग बाकीचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात थीम पार्क आले, त्यांच्या दारात किंवा शेजारी चकचकीत रिसॉर्ट हॉटेलं आली आणि हे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले. जाहिरातीत पांढऱ्याशुभ्र चादरीचा पलंग दिसतो. टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरणाऱ्या कुटुंबाला हवा असतो पोहण्याचा तलाव, कारंजं, थंडगार लॉबी, बुफे आणि फोटो काढण्याजोगा जिना. चादर घरी आहे.

नागापूर हे सीनेकाठचं जुनं गाव. औद्योगिक वसाहत आली, त्यामागून कामगारांच्या वस्त्या आल्या, बोल्हेगाव फाट्यापर्यंत घरं भिडली, आणि २००३ मध्ये झालेल्या नगरच्या महापालिकेत हा सगळा पट्टा शहराचं उत्तरेचं उपनगर होऊन बसला. इथल्या सुट्टीला पाळीचं गणित असतं. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, मुलांची शाळा, कुणाची तरी म्हैस. सगळ्यांना जुळणारा दिवस महिन्यातून एखादा निघतो, आणि तो दिवसच असतो. रात्र त्यात धरलेली नसते.

आता या दिवसाला रिसॉर्टची वेळ लावून पाहावी. खोली साधारण दुपारी दोनला ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सोडावी लागते. वॉटर पार्क सकाळी दहाच्या आसपास उघडतो आणि संध्याकाळी आटोपतो. म्हणजे खोलीची किल्ली हातात येते तेव्हा पाण्यातला अर्धा दिवस सरलेला असतो, आणि खोलीचा खरा उपयोग सुरू होतो तेव्हा माणसाला दुसऱ्या दिवशीच्या पाळीला सातला गेटवर हजर राहायचं असतं. एका दिवसाच्या सुट्टीवाल्याने खोली घेणं म्हणजे लग्नाचं जेवण सोडून मांडवाचं भाडं भरण्यासारखं. नगरी माणूस असल्या व्यवहाराला राजी होत नाही, आणि त्याला कंजूष म्हणण्यातही अर्थ नाही.

नागापूरकरांना जवळचं ठिकाण म्हणजे शिर्डी. राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता असा सरळ रस्ता. अंतर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, वेळ मात्र खड्डे ठरवतात. एकेकाळी शिर्डीला जाणं म्हणजे दर्शन, उदी, पेढे आणि येताना राहात्याचे पेरू. आता त्यात दोन गोष्टींची भर पडली आहे. ‘वेट एन जॉय’ हा वॉटर पार्क आणि त्याच गटाचा ‘साईतीर्थ’ हा भक्तीवरचा थीम पार्क. साईतीर्थात बसल्या जागी देशभरच्या देवळांतून फिरवणारी ‘तीर्थयात्रा’ आहे, अंगावर वारं आणि पाण्याचे तुषार येणारं ‘लंकादहन’ आहे, आणि ‘द्वारकामाई’च्या खेळात यंत्राच्या बाहुल्या बाबांच्या काळातली शिर्डी उभी करतात. सकाळी समाधीपुढे हात जोडणारी आजी दुपारी त्रिमिती चष्मा लावून हनुमानाच्या शेपटीला हसते. दोन्हीत तिला काही विसंगती दिसत नाही.

वॉटर पार्कच्या दारातला सोहळा मात्र जवळून पाहण्यासारखा असतो. आधी पिशव्यांची तपासणी, कारण बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि धपाटी यांचा डबा परत गाडीत जातो आणि दुपारी एकेक जण हातावर शिक्का घेऊन वाहनतळाकडे पळतो. मग कपड्यांची खिडकी. सुती कपड्याने पाण्यात उतरता येत नाही. सुताचे धागे गाळणीत अडकतात आणि भिजलेला सुती कपडा घसरगुंडीवर ओढ धरतो. म्हणून नायलॉनचा पोशाख भाड्याने, त्यावर अनामत रक्कम. खिडकीतला मुलगा नजरेने माप घेतो आणि गठ्ठ्यातून निळा जोड फेकतो. आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई गुडघ्यापर्यंतची पँट आणि बाह्यांचा सदरा घालून बाहेर येते, दोन मिनिटं भिंतीला धरून उभी राहते, आणि लाटांच्या तलावात पहिला भोंगा वाजला की सगळ्यांत पुढे असते. लॉकरची किल्ली मनगटाला, मंगळसूत्र लॉकरात, चपलांचा ढीग एका पिशवीत. हा सगळा संसार मांडायला एक खोली असती तर बरं, असं दिवसातून एकदाच वाटतं, ओले कपडे बदलताना. त्यासाठी रात्रीचं भाडं कोण देणार?

या उद्योगामागे जिल्ह्यातलंच घराणं आहे हे बऱ्याच नागापूरकरांना ठाऊक असतं, पण कुठून कुठे पोचलं ते ऐकून भुवया उंचावतात. संगमनेरचे मालपाणी. गाय छाप जर्दा त्यांचा. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी यांच्या जोरावर उभं राहिलेलं हे नाव पुढे पवनचक्क्यांत गेलं, वॉटर पार्कात गेलं, आणि २०२२ मध्ये खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’ या थीम पार्कची मालकी या गटाकडे आली. पुढे शिर्डी आणि लोणावळ्याचे पार्कही त्याच इमॅजिका कंपनीच्या छत्राखाली गेले. पाळी सुटताना तळहातावर मळलेल्या चिमटीचा पैसा फिरून पाळण्यात बसला, असं कुणी म्हटलं तर ते फार चुकीचं नाही.

इमॅजिकाची मूळ कथा वेगळी. मनमोहन शेट्टी यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली अ‍ॅडलॅब्ज ही चित्रपटाच्या फिल्मा धुणारी प्रयोगशाळा. तो धंदा विकल्यावर त्यांनी रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, द्रुतगती मार्गापासून जवळ, एप्रिल २०१३ मध्ये पार्क उघडला. ‘मिस्टर इंडिया’च्या नावाची सफर, अलिबाबाची गुहा, राजासॉरस या नर्मदेकाठी सापडलेल्या डायनासोरच्या नावाची पाण्यातली सहल, आणि आकाशात वळसे घेणारी ‘नायट्रो’. पुढच्या वर्षी वॉटर पार्क आला. दाराशेजारचं नोव्होटेल हे हॉटेल आलं २०१५ मध्ये. पूर्ण आराखडा २८७ खोल्यांचा.

हा क्रम लक्षात घ्यायला हवा. आधी पार्क, मग हॉटेल. मुंबई आणि पुण्याच्या मधोमध जागा निवडली तीच मुळी सकाळी येऊन रात्री परतणाऱ्यांसाठी. हॉटेल त्या गर्दीतल्या थोड्यांना थांबवण्यासाठी बांधलं गेलं. पण ते दारालाच लागून असल्याने उलटंही घडतं. पार्कातून बाहेर पडलेल्या, पाय भेंडाळलेल्या कुटुंबाच्या समोर ती इमारत दिव्यांनी उजळून उभी असते, आणि आत जायला पार्कासारखं तिकीट नसतं.

इथे काचेचं दार आडवं येतं. दार उघडंच असतं, अडचण मनात असते. दरवान सलाम करतो तेव्हा खेड्यातून आलेला माणूस दचकून उलट सलाम करतो आणि मग आपण इथे बसू शकतो का, हे विचारायला बायकोला पुढे करतो. बसता येतं. बहुतेक मोठ्या हॉटेलांची खानपानगृहं बाहेरच्यांना खुली असतात, त्यांच्या धंद्याचा तो मोठा भागच आहे. मुंबईचं ताजमहाल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. तिथे रात्र काढलेले मराठी लोक मोजकेच असतील, पण सी लाउंजच्या खिडकीशी एका कॉफीवर तासभर बसून समुद्र पाहिलेल्यांच्या पिढ्या आहेत. कित्येक घरांतली मुलगी पाहण्याची पहिली भेट तिथे झाली, अशी त्या जागेची ख्यातीच आहे. खोलीचं भाडं त्या कुणीही दिलेलं नाही. हॉटेलाची तरी त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

बसण्याची किंमत मात्र असते, आणि तिचा हिशेब नीट माहीत असलेला बरा. साध्या खानावळीत किंवा हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ टक्के लागतो. ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात खोलीचं दिवसाचं भाडं ७५०० रुपयांच्या वर गेलेलं असेल, तिथल्या खानपानगृहात तो १८ टक्के होतो. म्हणजे ३०० रुपयांच्या कॉफीवर एकीकडे १५ रुपये कर आणि दुसरीकडे ५४. वरच्या मजल्यावरच्या ज्या खोलीत आपण पाऊल टाकलेलं नाही तिच्या भाड्यावरून आपल्या कपातला कर ठरतो. खोली न घेताही खोलीचा थोडा भार उचलावा लागतो तो असा.

बिलाखाली ‘सेवा शुल्क’ लिहिलेलं असेल तर ते द्यायलाच हवं असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी हे शुल्क आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. वेटरच्या कामावर खूश होऊन हातात शंभराची नोट ठेवणं वेगळं. ते नगरकर आपण होऊन करतो.

तलावाचं गणित आणखी वेगळं. लॉबी आणि खानपानगृह खुलं असलं तरी पोहण्याचा तलाव बहुतेक ठिकाणी मुक्कामी पाहुण्यांचा असतो. म्हणूनच ‘डे आउट’ नावाचा प्रकार महाराष्ट्रात फोफावला. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा-भजी, तलाव, रेन डान्स आणि सहा वाजता राम राम. लोणावळ्याजवळ, मुळशीत, भंडारदऱ्याच्या वाटेवर, थेट नगर-पुणे रस्त्यालाही अशा पाट्या दिसतात. कंपनीतल्या एका विभागाची पंचवीस माणसं असतील तर कपडे बदलायला दोन खोल्या वर टाकून मिळतात. फोनवर विचारायचे प्रश्न ठरलेले: तलावात उतरता येईल का, पोशाख कुठला लागेल, जेवण मोजून की हवं तेवढं, गाडीवानाच्या जेवणाचं काय. शेवटचा प्रश्न पुष्कळ जण विसरतात आणि मग पंचाईत होते.

मुक्कामाविना हॉटेल भोगण्याची कला जगात सर्वांत पुढे गेली ती अमेरिकेत, आणि ती शिकवली हॉटेल बांधणाऱ्यांनीच. वॉल्ट डिस्नीने १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये डिस्नीलँड उघडलं तेव्हा शेजारी हॉटेल बांधायला त्याच्याकडे पैसे उरले नव्हते. ते काम त्याने जॅक रॅदर या दूरचित्रवाणी निर्मात्याकडे सोपवलं. पार्क धो धो चालला, आजूबाजूला स्वस्त मोटेलांचं रान माजलं आणि पैसा त्यांच्या गल्ल्यात जाऊ लागला. ही ठेच वॉल्टच्या फार जिव्हारी लागली. म्हणून फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळ, त्याच्या कंपनीने वेगवेगळ्या नावांनी गुपचूप जमीन उचलली, सुमारे २७ हजार एकर. शिर्डीच्या विमानतळाआधी आसपासची जमीन कुणी कशी घेतली याच्या गप्पा ऐकलेल्या नगरकराला हा प्रसंग फारसा परका वाटणार नाही. वॉल्ट १९६६ मध्ये वारला. वॉल्ट डिस्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं, आणि या वेळी हॉटेलं पहिल्या दिवसापासून कंपनीच्याच जमिनीवर होती.

त्यातल्या कंटेम्पररी या हॉटेलाच्या पोटातून मोनोरेल जाते. खोल्या बाहेर तयार करून टेबलाच्या खणासारख्या सांगाड्यात सरकवल्या होत्या. मधल्या भव्य दालनात मेरी ब्लेअर या चित्रकर्तीचं ९० फूट उंचीचं टाइल्सचं भित्तिचित्र आहे आणि त्यात एक पाच पायांचं बोकड दडलेलं आहे. ते शोधायला पैसे लागत नाहीत. शेजारच्या पॉलिनेशियन हॉटेलाच्या वाळूत बसलं की तळ्यापलीकडच्या किल्ल्यावरची आतषबाजी दिसते. २००१ मध्ये उघडलेल्या अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या मागे गवताळ कुरणात जिराफ आणि झेब्रे चरतात. तिथल्या खानपानगृहात जेवायला आलेला माणूसही कठड्याशी उभा राहून ते पाहू शकतो. पार्कचं तिकीट शंभर डॉलरच्या वर गेलेल्या गावात ही करमणूक बसच्या किंवा मोनोरेलच्या फुकट फेरीत मिळते.

भारतातून मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आई-वडिलांना ही सोय फार मानवते. पार्कातल्या रांगा आणि उन्हं गुडघ्यांना झेपत नाहीत. सून मुलांना घेऊन पाळण्यांकडे जाते आणि आजी-आजोबा मोनोरेलने हॉटेलं बघत हिंडतात, प्रत्येक लॉबीत थोडं बसतात, गालिच्यावरून चप्पल काढून चालावं की काय या विचारात पडतात. अर्थात तिथेही सीमा आहे. तलावात उतरायला त्याच हॉटेलाची किल्ली लागते. स्वतःची गाडी घेऊन गेलं तर गेटवरचा माणूस कुठे जेवणार ते विचारतो, आणि नाताळात गर्दी झाली की आरक्षण दाखवा म्हणतो. लॉबीने बोलवायचं आणि तलावाने अडवायचं, हा धंद्याचा नियम खोपोलीला आणि ऑर्लँडोला सारखाच आहे. दाखवल्याशिवाय हाव सुटत नाही. आज कॉफी प्यायला आलेला उद्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला खोली घेईल, हा त्यामागचा हिशेब.

नागापूरच्या शेजारी मात्र या प्रकाराचा जुना दाखला पडून आहे. सावेडीकडचा भिस्तबाग चौक रिक्षावाल्याला सांगताना कुणाच्या मनात येत नाही, पण ते नाव ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्ग, या निजामशाही बागेवरून आलेलं आहे. तळं, त्यात महाल, भोवती झाडं. शहराच्या दुसऱ्या बाजूला फराहबाग, १५८३ मध्ये पुरा झालेला अष्टकोनी जलमहाल, तोही तळ्याच्या मधोमध आणि दुरून खापराच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर. कारंजी, गारवा आणि गाणंबजावणं यांसाठी बांधलेल्या या जागा म्हणजे त्या काळची रिसॉर्टंच. पाणी आटलं, सुलतान गेले, आणि आता तिथे कुणीही दुपारी जाऊन कमानीखाली बसतं. मुक्कामाचा प्रश्नच उरलेला नाही.

आणि अस्सल आपला म्हणावा असा थीम पार्क हवा असेल तर तो डिसेंबर ते फेब्रुवारीत ज्वारीच्या शेतात उघडतो. हुर्डा पार्टी. ही कल्पना जुनी, फक्त पूर्वी निमंत्रण लागायचं आणि आता माणशी दर लागतो. सकाळी दहाला शेतावर पोचायचं. आगटीत गोवऱ्यांचा आर फुललेला असतो. कोवळी कणसं त्यात खुपसतात, काढतात, आणि चटके सोसत दोन्ही तळव्यांत चोळतात. फुंकर मारली की फोलपट उडतं आणि हिरवे मऊ दाणे हातावर राहतात. सोबत शेंगदाण्याची, लसणाची, खोबऱ्याची चटणी, दही, गूळ, रेवड्या. हुर्डा गार झाला की त्याची चव निम्म्यावर येते, म्हणून वाढणारा धावतच येतो. दुपारी पिठलं-भाकरी किंवा शिपी आमटी, झाडाला झोका, बैलगाडीची चक्कर, मुलांना विहिरीवरच्या मोटारीचं पाणी. संध्याकाळी परत.

पाट्यांवर सुरती आणि गुळभेंडी ही नावं मिरवतात. हुर्ड्यासाठीच काढलेले ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, म्हणजे शिर्डीला जाताना उजव्या-डाव्या हाताला दिसणाऱ्या त्याच शेतांतले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात एका दिवसाच्या सहलीसाठी दाणा घडवला जातो, याचं कौतुक खोपोलीच्या पाळण्यांइतकं व्हायला हरकत नव्हती. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून अशा शेतांवर नोंदणीचे फलक आणि दोन-चार कौलारू खोल्याही दिसू लागल्या आहेत. दिवसभराच्या पार्टीत त्या खोल्यांचा वापर ठरलेला असतो: एकीत बायकांच्या पिशव्या आणि झोपलेली तान्ही मुलं, दुसरीत मोबाइल चार्जिंगला.

शिर्डीहून परतणाऱ्या गाड्या अंधार पडल्यावर विळद घाट ओलांडतात. खिडकीच्या दांड्याला ओले टॉवेल बांधलेले असतात, मागच्या सीटवर मुलं एकमेकांच्या अंगावर झोपलेली असतात, आणि सकाळी परत नेलेल्या डब्यातली उरलेली धपाटी कुणीतरी पुढे गाडीवानाला देत असतं. समोर एमआयडीसीचे पिवळे दिवे लागतात. कुणीतरी घड्याळ पाहतं, पाळीला अजून नऊ तास आहेत.